गार्डच्या वहीतला भोंगा

भोंगेकाकांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं होतं. बाकी अख्खं खोरं त्यांना भोंगे म्हणूनच ओळखायचं. खालच्या गावापासून वरच्या गावापर्यंत त्यांनी छत्तीस वर्षं बस चालवली आणि प्रत्येक वळणाआधी असा दणदणीत भोंगा वाजवला, की रस्त्याकडेच्या कोंबड्यासुद्धा वेळापत्रक पाठ असल्यासारख्या आधीच बाजूला व्हायच्या. आता वय झालं होतं शहात्तर. गुडघे कुरकुरायचे, उजवा कान मनाला येईल तेवढंच ऐकायचा, पण बोलणं सुरू झालं की अजूनही शेजारच्या तीन घरांना त्यांचं मत कळायचं.

लग्नाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी लेकीने त्यांच्या हातात एक पाकीट ठेवलं. महिनाभर ते एका दुकानातल्या आरामखुर्चीभोवती घुटमळत होते, त्यामुळे त्यांना वाटलं, तिचीच पावती असणार. निघाली दोन तिकिटं. जाड पुठ्ठ्याची, जुन्या वळणाची, वर कोळशाच्या इंजिनाचं चित्र.

"ही कसली?"

"आपल्या खोऱ्यातली छोटी गाडी, बाबा. पुन्हा सुरू झालीय ना, शनिवार-रविवारची. सकाळी वर जायचं, दुपारभर थांबायचं आणि संध्याकाळी परत. आईला किती दिवसांपासून जायचंय!"

भोंगेकाकांनी तिकिटं टेबलावर ठेवली आणि दोन बोटांनी जरा लांब सरकवली.

"मी नाही त्या गाडीत बसायचा."

"का पण?"

"बसवाला आहे मी."

"होतात," आतून काकूंचा आवाज आला. "सोळा वर्षं झाली रिटायर होऊन. आणि नसेल यायचं तर राहू द्या हो. मी शेजारच्या शिंपीणबाईंना घेऊन जाते. सांगेन त्यांना, आमच्या ह्यांना आगगाडीची भीती वाटते म्हणून."

भीतीचं नाव निघाल्यावर विषयच संपला. काका जाणार हे ठरलं.

खरं कारण भीतीचं नव्हतंच, आणि काकूंना ते चांगलं ठाऊक होतं. एके काळी त्या खोऱ्यात ये-जा करायला फक्त ती गाडी होती. अरुंद रूळ, सहा डबे, धापा टाकत चढणारं इंजिन. मग रस्ता रुंद झाला, चोविशीतले भोंगेकाका पहिली बस घेऊन त्यावर आले, आणि बस गाडीच्या वीस मिनिटं आधी वर पोचू लागली. माणसांना काय, लवकर पोचायचं असतं. एकेक करत सगळी बसकडे वळली. सहा वर्षांत गाडी बंद पडली. आणि त्या गाडीचे गार्ड, म्हणजे शेवटच्या डब्यातून हिरवा बावटा दाखवणारे गृहस्थ, ते काकूंचे वडील होते.

सासरेबुवांनी लग्नाला नकार दिला नव्हता. पण होकार दिलेलाही जावयाने ऐकला नव्हता. ते मुळातच कमी बोलायचे, आणि जावयाशी तर त्याहून कमी. "जेवलात?" "हो." "बरं." असे त्यांचे संवाद. गाडी बंद पडल्यावर ते लेकीकडे चार मैल चालत यायचे, पण बसमध्ये पाय ठेवायचे नाहीत. कितीदा तरी भोंगेकाकांनी त्यांच्याशेजारी बस थांबवून दार उघडलं होतं. सासरेबुवा मान वर न करता म्हणायचे, "चालू द्या." सासरेबुवा जाऊनही आता सदतीस वर्षं झाली होती, पण ते "चालू द्या" काकांच्या कानात अजून होतं, आणि तेही चांगल्या कानात. या माणसाची गाडी आपण बंद पाडली, आणि त्याने ते कधी माफ केलं नाही, असं काकांनी मनाशी धरून ठेवलं होतं. बोलले मात्र कुणाशीच नव्हते.

शनिवारी सकाळी दोघं खालच्या स्टेशनावर पोचले. काकूंनी ठेवणीतला निळा स्वेटर घातला होता, पिशवीत थर्मास, उकडलेली अंडी, लोणी लावलेला पाव आणि चार केळी. स्टेशन नुकतंच रंगवलेलं. लाकडी बाकांना नवं पॉलिश, तिकीटखिडकीच्या पितळी जाळीत तोंड दिसेल इतकी लखलख. ही गाडी चालवणारी सगळी हौशी माणसं होती, आठवडाभर आपापली कामं सांभाळून शनिवारी इथे येणारी. तिकीट तपासायला दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, त्यामुळे कुणी हसलं की त्या आधी दातांकडे बघायच्या आणि मग तिकिटाकडे. गार्ड होते शाळेतून निवृत्त झालेले कवायत-मास्तर. शिट्टीची सवय त्यांना जन्माची.

भोंगेकाका हात मागे बांधून इंजिनाभोवती एक चक्कर मारून आले. वाकून चाकं पाहिली.

"चाकात हवा नसते हो त्यांच्या," काकू म्हणाल्या.

"माहितीय मला. वंगण बघतोय."

"मग? पास केलं का?"

"वंगण ठीक आहे," काका नाइलाजाने म्हणाले.

नऊ वाजता मास्तरांनी शिट्टी फुंकली, बावटा हलवला, इंजिनाने असा एक हुंकार दिला की फलाटावरची कबुतरं उडाली, आणि डबा हिसका देऊन चालू लागला. काकांनी घड्याळ पाहिलं. "दीड मिनिट उशीर," ते समाधानाने पुटपुटले.

डबा लहानसाच होता. समोरच्या बाकावर एक आई आणि तिच्या आठ-नऊ वर्षांच्या दोन जुळ्या मुली, सारख्याच वेण्या, सारखेच पडलेले दात. पलीकडे गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेले एक जाडजूड गृहस्थ. काकूंनी कातडी पट्टा ओढून खिडकीची काच खाली घेतली. हात बरोबर पट्ट्यावर पडला. पन्नास वर्षांत विसरला नव्हता.

"मी रोज याच बाजूला बसायची," त्या म्हणाल्या. "वरच्या टपालकचेरीत कामाला होते तेव्हा. साडेनवाला हजर व्हायचं असायचं. वडिलांच्या नोकरीमुळे मला फुकट पास."

पहिले दोन-तीन मैल रस्ता रुळांना चिकटून होता. काका बोटाने दाखवत होते, हे पाणपोईचं वळण, हा मोडका पूल, इथे एकदा माझ्या बसचा पट्टा तुटला होता. सगळं ओळखीचं, फक्त उलट्या बाजूने. मग रूळ डावीकडे वळले, एक छोटा बोगदा लागला, मुलींनी किंकाळ्या मारून घेतल्या, आणि बोगदा संपला तेव्हा भोंगेकाकांचं बोट हवेतच राहिलं.

खाली दरी होती. दरीत नदी होती. हिरवीगार, दगडांवरून फेसाळत, तीन ठिकाणी उड्या मारत खाली येणारी. पलीकडच्या कड्यावरून पाण्याच्या बारीक धारा सुटल्या होत्या आणि उन्हात एकेक धार वेगळी चमकत होती. गाडी कड्याला बिलगून इतकी हळू चालली होती की झाडाचं पान हाताने तोडावं.

"ही कुठली नदी?" काकांनी विचारलं.

"कुठली म्हणजे? आपलीच!"

"आपली? ही असते इथे?"

"आता काय हो! छत्तीस वर्षं तुम्ही हिच्या डोक्यावरून गेलात."

"डोक्यावरून गेलो, पण पाहणार कधी? माझी नजर रस्त्यावर. घाटात ड्रायव्हर नदी बघायला लागला तर चाळीस माणसं नदीत." ते खिडकीतून अर्धे बाहेर झुकले. "अगं, ती उडी बघ! तिसरी बघ, तिसरी! आणि हे सगळे मागे बसून रोज बघत होते? फुकट? एकाने मला सांगितलं नाही!"

समोरची आई हसू लागली. कॅमेरेवाल्या गृहस्थांनी नदी सोडून काकांचाच फोटो काढला. काकांना त्याचा पत्ता नव्हता. तासभर ते खिडकीतून हलले नाहीत. डोळ्यांत कोळशाची कणी गेली, काकूंनी पदराच्या टोकाने काढली, की लगेच पुन्हा बाहेर. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. गाडी पाणी घ्यायला थांबली तेव्हा उशीर झाला असणार, पण कितीचा, ते त्या दिवशी काकांनी मोजलं नाही.

मग डॉक्टरीणबाई हातात छोटा माइक घेऊन डब्यात आल्या आणि गाडीचा इतिहास सांगू लागल्या. रूळ कसे टाकले, बोगदा कसा खोदला, इंजिन कसं डोंगर चढायला घाबरायचं. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला.

"आणि मग, मंडळी, या खोऱ्यात बस आली. त्या बसने आपल्या लाडक्या गाडीचा गळा घोटला."

"अरेरे," सगळा डबा म्हणाला. भोंगेकाका खिडकीतून आत आले आणि केळ्याचं साल फार काळजीने सोलू लागले.

"तो गळा घोटणारा इथेच बसलाय बरं का," काकू म्हणाल्या.

"अगं!"

"अगं काय? पहिली बस ह्यांनीच आणली. आणि गाडीचे गार्ड माझे वडील. म्हणजे एकाने गाडी बंद पाडली आणि दुसऱ्याने ती शेवटपर्यंत चालवली, आणि मी दोघांनाही डबा करून दिलाय."

डब्यात जो हशा पिकला तो पुढच्या डब्यात ऐकू गेला. जुळ्यांपैकी एकीने डोळे मोठे करून विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच गळा दाबला?"

"नाही गं बाळ," काका म्हणाले, "मी फक्त वेळेवर पोचायचो."

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माइक बंद केला आणि काकूंजवळ खाली वाकून विचारलं, "तुमचे वडील इथे गार्ड होते? म्हणजे शेवटचे गार्ड? मग वर पोचलं की लगेच कुठे जाऊ नका. आमच्या औषधवाल्या बाईंना तुम्ही हव्या आहात. तीन वर्षं झाली त्या तुमच्यासारखं कुणीतरी शोधताहेत."

वरच्या स्टेशनात जुन्या मालगोदामाचं छोटं संग्रहालय केलं होतं. कंदील, बावटे, टोप्या, घंटा. तिथल्या टेबलामागे औषधवाल्या बाई बसल्या होत्या. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं होतं त्यांनी, त्यामुळे जगात कुणाचंही अक्षर त्या वाचू शकत. "डॉक्टरांची अक्षरं लावून लावून नजर अशी झालीय," त्या म्हणाल्या, "की मुंगी शाईतून चालत गेली तरी मी तिचं म्हणणं सांगेन." कपाटात गार्डच्या वह्या ओळीने लावल्या होत्या. रोजच्या फेरीच्या नोंदी. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, डबे, उशिराचं कारण, आणि सर्वांत शेवटी एक अरुंद रकाना, शेऱ्याचा.

"बाबांचं अक्षर," काकू हळूच म्हणाल्या आणि बोट कागदाला न लावता ओळीवरून फिरवू लागल्या. "या वह्या रद्दीत गेल्या असं आम्हाला सांगितलं होतं."

"गेल्याच होत्या. रद्दीवाल्याच्या नातवाने आणून दिल्या," औषधवाल्या बाई म्हणाल्या. "सगळ्या वाचून झाल्यात माझ्या. फक्त एक शब्द सुटत नाही. शेऱ्यात जागोजागी येतो. हे बघा, 'मोठ्या वळणापाशी भोंगा दोनदा.' दुसऱ्या दिवशी, 'भोंगा दोनदा, नेहमीप्रमाणे.' मग, 'आज भोंगा नाही. रजेवर असावा.' भोंगा रजेवर कसा जाईल? आमच्याकडे एक रेल्वेचे अभ्यासक येतात. त्यांनी यावर चार पानं लिहून काढलीत. त्यांच्या मते ही धुक्यातल्या इशाऱ्याची गुप्त खूण असावी."

काकूंनी तोंडाला रुमाल लावला. आधी खांदे हलले, मग स्वेटर हलला, मग त्या खुर्चीत बसल्याच. "चार पानं!" त्या कशाबशा म्हणाल्या. "अहो, ऐकलंत का? धुक्यातली गुप्त खूण! चार पानं लिहिलीत तुमच्यावर!"

औषधवाल्या बाईंनी चष्म्यावरून भोंगेकाकांकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही भोंगा?"

"लोक म्हणतात," काका अवघडून म्हणाले.

"जिवंत आहात!" बाई एवढ्या आनंदाने म्हणाल्या की काकांना आभार मानावेसे वाटले. "बसा, बसा. तुमचं तर सगळं चरित्र आहे माझ्याकडे."

बसायचं सोडून काकांना निघून जावंसं वाटत होतं. सासऱ्याने सहा वर्षं आपल्याविषयी काय काय लिहून ठेवलं असेल, आणि तेही बायकोदेखत वाचलं जाणार. पण काकूंनी त्यांच्या बाहीला धरलं होतं आणि ती पकड ते ओळखून होते. ते बसले.

औषधवाल्या बाई वाचू लागल्या. आवाज अगदी औषधाचं प्रमाण सांगितल्यासारखा.

"'भोंगा तीनदा. मुलगी त्या बाजूच्या खिडकीत होती. योगायोग असेल.' दुसरा दिवस. 'भोंगा तीनदा. योगायोग नाही.'"

काकांचे कान लाल झाले.

"पुढचा महिना. 'मुलगी आजपासून बसने जाते. फुकट पास असून तिकीट काढते. विचारलं तर म्हणाली, गाडीत धूर लागतो. बावीस वर्षं लागला नाही.'"

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "म्हणजे त्यांना सगळं कळत होतं! आणि मी रोज घरी येऊन खोकून दाखवायची!"

"तेही आहे," बाईंनी पान उलटलं. "'मुलगी घरी खोकते. डॉक्टरची गरज वाटत नाही.'"

तिघंही हसली. पण काकांचं हसू मध्येच थांबलं. ते पुढे झुकले. "बाई, एक विचारू? पुढे काही... म्हणजे रागाचं काही लिहिलंय का? गाडी रिकामी जायला लागली होती तोवर. माझ्यामुळे."

औषधवाल्या बाई कपाटापाशी गेल्या. दुसरी वही काढली, खुणेची पट्टी शोधली आणि वही काकांकडे वळवली. काका जवळचा चष्मा घरी विसरले होते. म्हणून बाईच वाचू लागल्या.

"'आज नऊ प्रवासी. उतारावर आपली गाडी उभी असताना बस दिसली. पुढे मेंढ्यांचा कळप आडवा. चालकाने भोंगा वाजवला नाही. मेंढ्या बिथरून दरीत गेल्या असत्या. बस बंद करून खाली उतरला, एक लंगडं कोकरू उचलून पलीकडे ठेवलं, मग निघाला. नऊ मिनिटं गेली त्याची. वेळेचा एवढा अभिमान असून घालवली. मुलीने विचारलं तर माझी हरकत नाही.'"

काका वहीवर आणखी वाकले. 

"मला आठवतसुद्धा नाही ते कोकरू," काका म्हणाले.

"त्यांना आठवत होतं," काकू म्हणाल्या.

"पुढे ऐका," बाई म्हणाल्या, कारण त्यांना पुढचं पाठ होतं आणि धीर निघत नव्हता. "'मुलीने विचारलं नाही.' चार दिवसांनी, 'अजून विचारत नाही.' आठवड्याने, 'आपणच विषय काढावा की काय. कसा काढतात ठाऊक नाही.' आणि मग, 'विचारलं. मान हलवली.'"

"हलवली होती!" काकू उसळल्याच. "हलवली होती, पण अशी आडवी की उभी ते कळेना! मला वाटलं, नाहीच म्हणाले. तीन दिवस रडले मी! चौथ्या दिवशी आई म्हणाली, अगं वेडे, ते तर लग्नासाठी बूट शिवायला टाकून आले!"

भोंगेकाका आता हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते, आणि कोळशाची कणी गेली म्हणून सांगायला गोदामात इंजिनही नव्हतं. सहा वर्षं ज्या माणसाने त्यांच्याशी पुरती सहा वाक्यं केली नव्हती, तो रोज संध्याकाळी एका अरुंद रकान्यात त्यांच्याविषयीच बोलत बसला होता.

"आणि बसमध्ये कधी बसले नाहीत ते?" त्यांनी विचारलं. "दार उघडून उभा राहायचो मी."

बाईंनी बोट ओलं करून तीन-चार पानं मागे-पुढे केली. "हं. हे शेवटच्या वर्षातलं. 'बसमध्ये बसणार नाही. बसलो तर आवडेल, आणि मग या गाडीला तोंड कसं दाखवू?'"

काका कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. अक्षर दिसत नव्हतं, तरी बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, पाव काढ बाहेर. भूक लागली."

गोदामाच्या पायरीवर बसून तिघांनी पाव आणि अंडी खाल्ली. औषधवाल्या बाईंनी आपला जेवणाचा डबाही पुढे केला. मग त्यांनी निवडक पानांच्या झेरॉक्स काढून त्यांचा गठ्ठा काकांना बांधून दिला आणि वर म्हणाल्या, "यात एक पान मी वाचून दाखवलेलं नाही. ते तुमचं तुम्ही वाचा. माझा एरवी कधी न रडणारा नवरासुद्धा ते ऐकून रडला होता."

परतीच्या गाडीत डबा तोच आणि माणसंही तीच. भोंगेकाका दारातून आत शिरले तेच गठ्ठा उंच धरून. "गळा घोटणाऱ्याची सुटका झाली!" त्यांनी जाहीर केलं, आणि मग कॅमेरेवाल्या गृहस्थांनी विचारलं म्हणून, आईने विचारलं म्हणून, आणि नंतर कुणीच न विचारता, सगळी हकीकत पुन्हा सांगितली. मेंढ्यांचा कळप आता बराच मोठा झाला होता. काकूंनी तो मधूनमधून आवरता घेतला.

मग झेरॉक्स वाचायची वेळ आली. काकांना जवळचं दिसेना, काकूंचा चष्मा पिशवीच्या तळाशी. शेवटी जुळ्या मुली समोरच्या बाकावर उभ्या राहिल्या आणि दोघींनी मिळून कागद फळ्यासारखा ताणून धरला. तेवढ्या अंतरावरून काकांना स्वच्छ दिसलं. भोंग्याच्या आवाजात वाचन सुरू झालं. "मुलगी घरी खोकते"ला टाळ्या पडल्या. "योगायोग नाही"ला पुन्हा वाचण्याचा आग्रह झाला. पुढच्या डब्यातले लोक दारात येऊन उभे राहिले. मागून नदी उन्हात सोनेरी होऊन धावत होती, आणि काका दर दोन पानांनी थांबून तिलाही बघून घेत होते.

खालचं स्टेशन जवळ आलं, गाडीचा वेग मंदावला, तेव्हा शेवटचं पान राहिलं होतं. औषधवाल्या बाईंनी न वाचलेलं.

"वाचा, वाचा," आई म्हणाली. "आम्ही उतरत नाही त्याशिवाय."

काकांनी तारीख वाचली आणि काकूंकडे पाहिलं. दोघांनाही तो दिवस माहीत होता. त्या दिवशी काकूंना वरच्या गावच्या दवाखान्यात नेलेलं, आणि बातमी कळताच काकांनी चाळीस प्रवाशांसकट बस थेट दवाखान्याच्या दारात नेऊन लावली होती. त्याबद्दल खात्याकडून कडक पत्र आलं होतं ते अजून कपाटात होतं.

"'वरून सुटायला अकरा मिनिटं उशीर,'" काका वाचू लागले. "'उशिराचं कारण: इंजिनात पाणी भरणे.'" ते थांबले. "पण त्यांची गाडी कधी उशिरा सुटायची नाही हो. अकरा मिनिटं? अशक्य."

"शेरा वाचा ना," मुली म्हणाल्या.

"'शेरा. वरचं कारण खोटं आहे. नात बघायला गेलो होतो. साडेसहा पौंड. मुलगी झोपली होती, उठवली नाही. दारात बस आणि व्हरांड्यात चाळीस माणसं, त्यामुळे मला कुणी पाहिलं नाही. लगेच निघणार होतो. पण नातीने माझं बोट धरलं, आणि सोडेना.'"

काकूंनी काकांचा हात हातात घेतला.  "मला वाटत होतं, ते पहिल्यांदा सातव्या दिवशी आले," त्या म्हणाल्या.

गाडी फलाटाला लागून थांबली होती. कवायत-मास्तर शिट्टी फुंकत डब्याडब्यांशी येऊन "चला, उतरा" म्हणत होते, पण या डब्यातलं कुणी हलेना. फलाटावर भोंगेकाकांची लेक उभी होती, एकोणपन्नास वर्षांची, हातात गाडीची किल्ली, आईबाबांना न्यायला आलेली. बाबा रुसून बसले असतील म्हणून जरा धास्तावलेली. तिने खिडकीत पाहिलं, तर अख्खा डबा तिच्याकडे बघत होता. ओळख ना देख, पण सगळ्यांचे चेहरे फुललेले, दोन-तीन जणांचे डोळे ओले, आणि एक जाडजूड गृहस्थ तिचे भराभर फोटो काढत होते.

"हीच का ती?" जुळ्यांनी एकदम विचारलं.

"हीच," काका म्हणाले.

"काय झालं?" लेक गोंधळून म्हणाली. "आई? सगळे असे काय बघताहेत माझ्याकडे?"

जुळ्यांपैकी एकीने खिडकीतून हात बाहेर काढला. "मावशी," ती गंभीरपणे म्हणाली, "तुम्ही गाडीला अकरा मिनिटं उशीर केलात." आणि तिने आपलं बोट पुढे केलं.

लेकीला काही म्हणता काही कळलं नाही. तरी समोर बोट आल्यावर तिने ते धरलं, आणि डब्यात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कवायत-मास्तर शिट्टी तोंडातच ठेवून धावत आले.